बालगृहातलं मूल घरी पाठवताना स्वयंसेवकाने नेमकं काय करायचं?

सुगी:

नमस्कार. पुणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात मी दर आठवड्याला जाते. अभ्यास घेणं, मुलांशी बोलणं, इतपतच माझं काम. तिथल्या नऊ वर्षांच्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत.

मुलगा रेल्वे स्थानकावर एकटा सापडला. पोलिसांनी बाल कल्याण समितीपुढे हजर केलं आणि समितीने बालगृहात ठेवलं. त्याला आता वर्ष उलटून गेलं. तो गावाचं जे नाव सांगायचा ते कुठल्याच यादीत मिळत नव्हतं. शेवटी आई सापडली. बीड जिल्ह्यातला तांडा आहे, आईवडील दोघंही ऊसतोडीला जातात, घरी म्हातारी आजी असते. आई एकदा येऊन भेटून गेली. मुलगा तिला सोडायला तयार नव्हता.

बालगृहात सगळे म्हणतात, आई मिळाली ना, मग पुढच्या तारखेला ताब्यात देऊन टाकू. त्याने घरी जावं असं मलाही मनापासून वाटतं. पण तो घरातून निघाला का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. आणि दिवाळी तोंडावर आली, थोड्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतील.

समितीपुढे मला काही मांडता येतं का? कोणत्या नात्याने? सोपवण्याआधी काय तपासायला हवं आणि नंतर लक्ष कोण ठेवतं? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनी_फाईल:

आधी अधिकाराचं बोलू. मुलाच्या वतीने समितीपुढे उभं राहण्याचं स्वयंसेवकाला आपल्याकडे ठरावीक पद नाही. तरी कायद्यात दोन ठिकाणी जागा आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे समिती सामाजिक तपासणी (मुलाच्या घरची आणि परिस्थितीची चौकशी) करून घेते, आणि ती सामाजिक कार्यकर्त्याकडूनही करून घेता येते. दुसरं कलम ३७. मूल पालकांकडे सोपवताना ते नेमून दिलेल्या सामाजिक कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली सोपवण्याची मुभा त्यात आहे. तुम्ही या दोन कामांसाठी नाव द्यायचं.

अधीक्षकांमार्फत समितीच्या अध्यक्षांना एक पानाचा अर्ज करा. मुलाला किती काळापासून ओळखता, कोणत्या बाबतीत मदत करू शकता (समितीने सांगितलेली निरीक्षणं लिहून देणं, बीडच्या यंत्रणेशी पाठपुरावा, सोपवल्यानंतर फोन आणि भेटी), एवढंच लिहा. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी जोडा. आवक क्रमांकासह पोच घ्या. समितीने लेखी काही दिल्याशिवाय मुलाची फाईल पाहू नका आणि परस्पर त्याच्या घरीही जाऊ नका. भल्या हेतूने गेलेल्या माणसाला घरचे लोक सरकारी साहेब समजतात. त्याच्या तोंडून निघालेला ‘बघू, काहीतरी करू’ हा शब्दसुद्धा आश्वासन म्हणून धरला जातो आणि नंतर खऱ्या कार्यकर्त्याला ते निस्तरावं लागतं.

समितीचा कारभार नीट समजून घ्या. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, महिन्यातून किमान २० दिवस बैठक व्हायला हवी. पण प्रकरण अंतिम निकाली काढायला किमान ३ सदस्य हजर लागतात. म्हणून आईला बीडहून बोलावण्याआधी त्या दिवशी तिघं असणार आहेत ना, हे कार्यालयात फोन करून विचारा. नाहीतर पुढची तारीख पडते, तिची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि पुढच्या वेळी ती येत नाही तेव्हा फाईलवर ‘पालक उदासीन’ असा शेरा बसतो.

मुदतीही बघा. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांत, असं कायदा म्हणतो. तुमच्या प्रकरणात वर्ष गेलंय. का गेलं, हे नम्रपणे पण लेखी विचारा.

आता सर्वात महत्त्वाचं. मूल पुण्यात, घर बीडला. म्हणजे दोन समित्या आल्या. कलम ९५ सांगतं की मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर त्या जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय करून, कागदपत्रांसह त्याला तिकडे पाठवावं, आणि घरी सोपवायचं की आणखी काही करायचं हे तिथल्या समितीने ठरवावं. पोहोचवायचं काम विशेष बाल पोलीस पथकाचं, आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवीच. बरोबर जाणाऱ्यांचा प्रवासखर्च आधी द्यायचा असतो. प्रत्यक्षात काय होतं? आई पुण्याला येते, हमीपत्रावर अंगठा देते आणि मुलाला घेऊन जाते. बीडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे कागदाचा तुकडाही पोहोचत नाही. तिथे त्या मुलाची नोंदच नसते, मग लक्ष ठेवायला कोण जाणार? तेव्हा बीडच्या कक्षाकडून गृहचौकशी अहवाल आला आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

पाणंद:

वर कायद्याचं नेमकं सांगितलंय. मी गृहचौकशीत काय बघायचं ते लिहितो, कारण ‘घराची परिस्थिती बेताची, पालक मुलास सांभाळण्यास तयार’ अशा दीड ओळीच्या अहवालांवर मुलं सोपवली जातात आणि काही महिन्यांत पुन्हा स्थानकावर दिसतात.

सुरुवात मुलापासून. ‘का पळालास?’ असं विचारलं की ‘असंच’ एवढंच उत्तर येतं. त्या प्रश्नात त्याला दोष ऐकू येतो. त्याऐवजी दिवस विचारायचा. त्या दिवशी सकाळी काय खाल्लंस? घरी कोण होतं? आदल्या रात्री कुठे झोपला होतास? मग कुणाबरोबर निघालास? अशा साध्या प्रश्नांतून कारण आपोआप वर येतं. हे बोलणं अधीक्षकांसमोर नको, आईसमोर तर मुळीच नको. घरची बोली गोरबोली (बंजारा समाजाची बोली) असेल तर ती येणारं कुणीतरी मिळवा, पण नात्यातलं किंवा त्याच तांड्यावरचं नको.

बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचा इशारा मिळाला तर तिथेच थांबा. खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि पोलिसांना कळवा. पोक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कलम १९ प्रमाणे हे बंधनकारक आहे. घरी पाठवण्याची प्रक्रिया मग तिथेच थांबते. संशयित त्याच घरात राहणारा असेल तर मुलाला त्या घरापासून दूर ठेवायचं का, हे समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं.

गृहभेट. ऊसतोडीच्या गावात ती केव्हा करता यावर सगळं अवलंबून आहे. मे महिन्यात गेलात तर भरलेलं घर दिसतं, डिसेंबरात कुलूप. दोन्ही चित्रं खरी आहेत आणि अहवालात दोन्ही यायला हवीत. सध्या गेलात तर आईला सरळ विचारा: टोळीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, किती कोयत्यांवर (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), कोणत्या कारखान्याला जाणार, धाकटी मुलं बरोबर नेणार की आजीकडे ठेवणार. उचल घेतलेली असेल तर नवरा-बायकोला जावंच लागतं. ‘या वर्षी मी जाणार नाही, पोराजवळ राहीन’ असं आई मनापासून म्हणते, पण तो कोयता अर्धा ठेवायला मुकादम तयार होत नाही. तिच्या शब्दावर अविश्वास नको. त्या शब्दावर सगळा आराखडा मात्र उभारू नका.

घरात बघायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मूल झोपणार कुठे? अंधार पडल्यावर घरात मोठं माणूस कोण असतं? रेशनकार्डावर त्याचं नाव आहे की वर्षभरात कमी केलं? धाकटी भावंडं शाळेत जातात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाकी सगळ्या हमीपत्रांपेक्षा मोलाचं असतं. गेल्या हंगामात त्या भावंडांचं जे झालं तेच याचं होणार. अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, पोलीस पाटील या प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. पारावर सगळ्यांना गोळा करून विचारलं तर सगळे एकच सांगतात, ‘माणसं चांगली आहेत.’

आणि आईला गुन्हेगारासारखं वागवू नका, हे कळकळीने सांगतो. तिचं मूल हरवलं होतं. वर्षभर तिने काय सोसलं हे तिला विचारणारं बहुधा कुणी नसतं.

सुगी:

दोघांचेही मनापासून आभार. अर्ज दिला, तोंडी परवानगी मिळाली, लेखी पत्र येतंय. गोरबोली बोलणाऱ्या एका शिक्षिकेला अधीक्षकांनी बोलावलं होतं. मुलगा म्हणतो, त्या वर्षी तो टोळीवरच होता. धाकट्या बहिणीला सांभाळायचं आणि मोळ्या बांधायला हात लावायचा. शाळा बंद. एकदा बहीण पाचटात पडून लागलं म्हणून वडिलांनी मारलं. त्या रात्री तो उसाच्या ट्रॅक्टरवर बसून मोठ्या रस्त्यापर्यंत आला आणि पुढे रेल्वेत. आईकडे जायचंय म्हणतो, पण ‘फडावर नेणार असतील तर नको’ हे दोन वेळा म्हणाला. आता हंगाम संपेपर्यंत त्याला बालगृहातच ठेवावं का?

दप्तर:

थांबा, एवढ्यात तो निष्कर्ष नको. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधलं तत्त्व आहे. हंगाम संपेपर्यंत म्हणजे आणखी सहा महिने. नऊ वर्षांच्या मुलासाठी हा काळ फार मोठा, तोही आई सापडल्यावर.

स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी बीडमध्ये हंगामी वसतिगृहं चालतात. ती गावच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवली जातात. आईवडील फडावर गेले तरी मूल गावातच राहतं, शाळा चालू राहते, जेवण तिथे मिळतं, झोपायला बहुतेक मुलं आजी-आजोबांकडे जातात. मात्र कोणती मुलं मागे राहणार याची यादी शाळा हंगामाच्या आधी करते, आणि हा मुलगा वर्षभर गावातच नव्हता. त्याचं नाव यादीत आपोआप येणार नाही. मुख्याध्यापकांना आजच्या आज पत्र गेलं पाहिजे. शक्यतो ते बीडच्या बाल संरक्षण कक्षाकडून, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

प्रवेशाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं. वर्ष बुडालं म्हणून दुसरीत नको. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश अडवायचं कारण होऊ शकत नाही. खरी अडचण ऑनलाइन नोंदीत येते. गावच्या शाळेत त्याची जुनी नोंद असते आणि बालगृहाजवळच्या शाळेने बहुधा नवी केलेली असते. नावाचं स्पेलिंग वेगळं, जन्मतारीख अंदाजे. मग मुख्याध्यापक म्हणतात, ‘सिस्टीम घेत नाही.’ पुण्याच्या शाळेकडून यूडायसमधली (शाळांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीतली) नोंद वर्ग करून घ्या आणि दोन नोंदी असतील तर कोणती ठेवायची हे दोन्ही मुख्याध्यापकांना एकमेकांशी बोलून ठरवायला लावा. मुलगा गावी पोहोचायच्या आधी हे झालं पाहिजे. नंतर कुणी करत नाही.

पाणंद:

दप्तर यांचं म्हणणं मान्य, पण एका अटीवर. टोळ्या निघतात त्या दिवशी वसतिगृह सुरू झालेलं असेलच असं नाही. मंजुरी, निधी, स्वयंपाकीण, यांत काही आठवडे जाऊ शकतात. नेमक्या त्या फटीत आईवडील मुलाला बरोबर घेऊन जातात. त्यांचाही इलाज नसतो. मग तो पुन्हा त्याच फडावर, त्याच मोळ्यांपाशी.

आजीचंही बघायला हवं. म्हातारी प्रेमळ असेल, पण रात्री ताप आला तर त्याला दवाखान्यात नेईल कोण? तांड्यावरचं एखादं चुलत घर, एखादी आशा, कुणीतरी नाव लिहून जबाबदार हवं. तसं माणूस मिळालं आणि वसतिगृह खरोखर सुरू झालं की लगेच सोपवा. नाही मिळालं तर हंगाम संपेपर्यंत थांबलेलं बरं, आणि मधल्या काळात आठवड्याला एकदा आईशी व्हिडिओ कॉल. फडावरही कुणाकडे तरी स्मार्टफोन असतोच. दिवस आणि वेळ ठरवून घ्या. कारण ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की मूल रोज वाट बघतं.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९८ मध्ये रजेची सोय आहे. परीक्षा, नात्यातलं लग्न, मृत्यू, आईवडिलांचं गंभीर आजारपण अशा विशेष प्रसंगी समिती साधारणपणे ७ दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस सोडून, देखरेखीखाली घरी जाऊ देते. असा प्रसंग आला तर जरूर मागा. सात दिवस घरी राहून आलेलं मूल जे सांगतं ते कोणत्याही अहवालात नसतं.

आणि एक धागा सुटतोय. मूल फडावरून हरवलं, म्हणजे तक्रार बीडला झालेली नसेल. कारखाना ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होता तिथे झाली असेल, कदाचित परराज्यातही. हरवलेल्या मुलांबाबत गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं आहे. गावच्या ठाण्यात शोधून नोंद मिळत नाही म्हणून ‘पालकांनी तक्रारच केली नाही’ असा समज करून घेतला जातो. आईला कारखाना विचारा. तिथे गुन्हा दाखल असेल तर मूल मिळाल्याचं त्या ठाण्याला कळवून तपास बंद करून घ्यावा लागेल.

हडसन:

मी न्यू जर्सीत राहते, इथल्या कौटुंबिक न्यायालयात याच प्रकारचं स्वयंसेवकांचं काम चालतं. ‘कासा’ म्हणतात. १९७७ मध्ये सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ते सुरू केलं, कारण मुलांबद्दलचे निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागतात ही त्यांची खंत होती. इथे न्यायाधीश स्वयंसेवकाला आदेशाने नेमतात, त्यामुळे त्याला कागद बघता येतात आणि शिक्षक-डॉक्टरांशी बोलता येतं. तुमच्याकडे तसा आदेश आपोआप मिळत नाही, म्हणून जुनी_फाईल यांचा अर्जाचा सल्ला अगदी योग्य.

इथल्या घड्याळाचं अनुकरण मात्र नको. १९९७ च्या इथल्या कायद्याप्रमाणे मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने पालनघरात राहिलं तर काही अपवाद सोडून पालकांचे हक्क संपवण्याची कारवाई राज्याला सुरू करावी लागते. गरीब पालकांवर त्याचं ओझं फार येतं.

घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अहवालाची शिस्त. तीन भाग वेगळे ठेवायचे: स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं (कोणाकडून, कोणत्या तारखेला), आणि शेवटी शिफारस. ‘वडील रागीट आहेत’ असं लिहायचं नाही. ‘मुलाने अमुक तारखेला सांगितलं की बहीण पडली म्हणून वडिलांनी मारलं, वडिलांशी अजून बोलणं झालेलं नाही’ असं लिहायचं. मुलाची इच्छा त्याच्याच शब्दांत वेगळ्या परिच्छेदात द्यायची, शिफारस तिच्याशी जुळत नसली तरीही. एकूण दोन पानं. त्याहून लांब असलं तर वाचलं जात नाही.

जुनी_फाईल:

हडसन यांचे तीन भाग उत्तम. त्या पद्धतीने लिहिलं तर शिफारशीत काय मागायचं ते सांगतो. समितीचा आदेश ‘पालकांच्या ताब्यात देण्यात येत आहे’ एवढ्यावर संपू देऊ नका. हमीपत्रात ‘मुलाचा नीट सांभाळ करीन’ हे वाक्य सगळेच लिहून देतात. ते मोडलं की नाही हे ठरवणार कसं? त्याऐवजी तपासता येतील अशा गोष्टी मागा: कोणत्या शाळेत, कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश, हंगामात मूल कोणाकडे राहील, त्या व्यक्तीचं नाव, फडावर नेणार नाही, वडिलांशी मारहाणीबद्दल समुपदेशकाने बोलणं, भेटी कोण करणार आणि केव्हा.

वडिलांना टाळू नका. बहुतेक फाइलींमध्ये फक्त आई भेटते, आईच सही करते आणि ज्याच्या हातून मार बसला तो माणूस कुणाला दिसलेलाच नसतो. त्यांना बोलवा, ऐकून घ्या. फडावर पहाटेपासून रात्री ट्रक भरेपर्यंत राबणाऱ्या माणसाचा हात उठला म्हणून तो बाप म्हणून नालायक ठरत नाही. पण हे पुन्हा घडलं तर काय होईल, हे त्यालाही कळलं पाहिजे.

मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा मागवून बघा. केंद्राच्या आदर्श नियमांतल्या नमुन्यात सोडण्यापूर्वीचा अहवाल १५ दिवस आधी करायचा असतो, आणि सोडल्यानंतरच्या भेटींसाठी वेगळा भाग असतो. त्यात पहिल्या भेटीनंतर पुन्हा दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी भेट अपेक्षित आहे. हे रकाने अनेकदा कोरे राहतात. तुम्हाला देखरेखीसाठी नेमलं तर या तारखा आजच ठरवून ठेवा. एक भेट तरी हंगामाच्या मध्यावर आली पाहिजे.

कागद: लसीकरण व वैद्यकीय तपासणीचे कागद, शाळेचा दाखला, आधार, जात प्रमाणपत्र असेल तर ते, बालगृहात उघडलेलं बँक खातं. खातं बहुधा बालगृहाच्या पत्त्यावर असतं, त्यावर पालकाचं नाव आणि नवा मोबाइल क्रमांक लावून घ्या. मूल गेल्यावर पैसे अडकले तर ते सोडवायला कुणी पुण्याला येत नाही. मूळ कागद आईकडे, एक संच बीडच्या कक्षाकडे, एक बालगृहात.

पैशाची बाजू. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वासाठी (मूल घरीच सांभाळायला मदत म्हणून) दरमहा ४,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत हवं. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपयांची आहे. या कुटुंबाला कोणती लागू होईल हे बीडचा कक्ष सांगेल, पण अर्ज मूल सोपवण्याआधी भरून घ्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो आणि हंगाम सुरू झाला की तो काढायला घरी कुणी नसतं. दर महिन्याला पैसे वेळेवर येतीलच असं आईला सांगू नका. ते येईपर्यंत चालेल असाच आराखडा हवा.

समितीचा आदेश चुकीचा वाटला तर कलम १०१ प्रमाणे ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं; फक्त प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाच्या बाबतीत ते जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावं लागतं. मुलाला मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बालकांना उत्पन्नाची अट नाही.

खडी:

चर्चा वाचली. माझ्याकडे उलट अडचण आहे. सात वर्षांची मुलगी, घर सापडतच नाही. गावाचं नाव नीट सांगता येत नाही. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? बरेच जण टाकतात.

जुनी_फाईल:

टाकू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलीच्या हिताचं असेल तर समिती कारणं लिहून प्रसिद्धीची परवानगी देऊ शकते. ती समितीकडूनच मागा. फोटो एकदा फिरला की परत घेता येत नाही, आणि मुलीवर हक्क सांगायला भलतीच माणसं उभी राहतात. समितीचा शोध मात्र ढिला पडू देऊ नका. पालक मिळालेच नाहीत तर दोन वर्षांपर्यंतच्या बालकाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्यांबाबत चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याचा निर्णय कायद्याने अपेक्षित आहे. कुठेतरी आई शोधत असेल तर हे दिवस फार मोलाचे.

पाणंद:

दोन वाटा सांगतो.

पहिली, आधार. समितीच्या परवानगीने तिची नवी आधार नोंदणी करायला न्या. आधी आधार निघालेलं असेल आणि बोटांचे ठसे, डोळे जुळले तर नवी नोंदणी नाकारली जाते, आणि तिथून जुन्या नोंदीचा माग काढता येतो. नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रातून अशा प्रकारे बरीच हरवलेली माणसं घरी पोहोचली आहेत. पण पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार काढताना ठसे घेत नाहीत. ते पाच वर्षांनंतर अद्ययावत करावे लागतात. ते राहिलं असेल तर सात वर्षांच्या मुलीचं काहीच जुळणार नाही. म्हणून नोंदणी नाकारली गेली नाही, तर तिचं आधार कधी निघालंच नव्हतं असा अर्थ काढू नका.

दुसरी, बोलणं. मुलं महसुली गावाचं नाव सांगत नाहीत. ती वस्तीचं, वाडीचं, तांड्याचं, आजोळचं नाव सांगतात. नावाचा नाद सोडा आणि बाजार कुठल्या वारी भरतो ते विचारा. आठवडी बाजाराचा वार मुलांना पक्का आठवतो, कारण त्या दिवशी खाऊ मिळतो. बाजाराला चालत जायचात की जीपने? वाटेत नदी, रेल्वेचं फाटक, कारखान्याचा भोंगा, मोठी कमान? जत्रा कोणत्या देवाची, थंडीत की उन्हाळ्यात? भाकरी ज्वारीची, बाजरीची की नाचणीची? आजी कोणत्या नावाने हाक मारते? एका बैठकीत चार-पाच प्रश्न पुरे, बाकीचे खेळताना. उत्तरं तारखेसह लिहा आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारा. दोन्ही वेळा जे सारखं येईल तेवढंच धरा. मग बाजाराचा वार, नदी आणि भाकरी एवढ्यावरून दोन-तीन तालुके उरतात. तिथल्या पोलीस ठाण्यांना आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकांना समितीच्या पत्रानिशी विचारा. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरमध्ये तिचं नाव सापडू शकतं, आणि कोणती मुलगी अचानक यायची बंद झाली हे सेविकेला माहीत असतं.